अक्कलदाढ : काढावी की राखावी?



इतिहासाच्या व्याख्यानासाठी मी दाढेचा विषय कळविला तेव्हा चिटणिसांनी 'लिहिण्यात काही चूक झाली काय' म्हणून विचारले. चूक झालेली नव्हती. हा विषय मला माझ्या पुतणीने दिला. ती इथलीच, छावणीत लहानाची मोठी झालेली. वय तेवीस. परिचारिकेची परीक्षा उतरली आणि नेमणूक मिळाली ती थेट गडचिरोली जिल्ह्यातील भामरागड भागात. रुजू होण्यास दोन महिने उरले असताना तिची डावीकडची खालची अक्कलदाढ सुजली. चार दिवस तोंड उघडेना. पेजेवर दिवस काढले. सूज उतरल्यावर ती दोन दंतवैद्यांकडे गेली. पहिले म्हणाले, चारही काढून टाक, कटकट नको. दुसरे म्हणाले, उतरली ना सूज? मग कशाला हात लावतेस? दोघेही शिकलेले, दोघेही अनुभवी. पोर गोंधळली आणि माझ्यापाशी येऊन म्हणाली, "काका, तुम्ही जुन्या गोष्टी सांगता ना, मग आधीची माणसे या दाढेचे काय करीत होती ते तरी सांगा." त्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता जे हाती लागले तेच आज आपणांपुढे ठेवतो.

आरंभ नावापासून करू. 'अक्कल' हा शब्द मूळचा अरबी, फारसीच्या वाटेने दख्खनेत आला आणि मराठीत इतका रुळला की आता तो आपला नाही असे कोणी म्हणणार नाही. दाढेला बुद्धीचे नाव देण्याची रीत मात्र फार जुनी आणि फार दूरवर पसरलेली. ग्रीकांत तशीच होती, लॅटिनमध्ये तशीच, अरबीत तशीच. इब्न सीनाने अकराव्या शतकाच्या आरंभी आपल्या 'कानून' या ग्रंथात लिहिले आहे की, या शेवटच्या दाढा वयात आल्यानंतर आणि वाढ थांबण्यापूर्वी, म्हणजे तिशीच्या आतबाहेर येतात, म्हणून त्यांना समजुतीचे दात म्हणतात. पुढे तो असेही सांगतो की, काही माणसांना त्या येतच नाहीत आणि मग त्यांचे दात अठ्ठावीसच भरतात. हे निरीक्षण किती अचूक आहे पाहा! २०१५ मध्ये जगभरच्या अभ्यासांची एकत्र बेरीज प्रसिद्ध झाली. तीत निदान एक अक्कलदाढ मुळातच नसलेली माणसे शंभरात बावीस-तेवीस निघाली.

आपल्याकडे मात्र बत्तीस हाच आकडा धरून चाललेला. चरकाने दात बत्तीस मोजले, सुश्रुतानेही बत्तीसच मोजले, आणि भाषेत तर 'बत्तीशी' हाच दातांना पर्याय झाला. एखाद्याचे अभद्र बोलणे खरे ठरले की त्याची बत्तीशी वठली असे आपण म्हणतो; अठ्ठाविशी वठल्याचे कोणी ऐकले नाही. बौद्ध परंपरेने महापुरुषाच्या बत्तीस लक्षणांत चाळीस दातांचे लक्षण घातले आहे. इथून हाकेच्या अंतरावर लेण्यांत बुद्धमूर्ती बसल्या आहेत; त्यांचे ओठ मिटलेले आहेत म्हणून ते दात आपणांस मोजता येत नाहीत, एवढेच. असो. सांगायचे इतकेच की, पूर्ण तोंड म्हणजे अक्कलदाढेसकट तोंड ही समजूत आपल्या मनात खोल गेलेली आहे, आणि 'काढ' म्हणताच जे चर्र होते त्यात वेदनेच्या भयाबरोबर काहीतरी उणे होण्याचे भयही असते.

आता मुख्य साक्षीदाराकडे वळू. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात मुखरोगांचा अध्याय आहे. त्यात दातांच्या मुळाशी होणाऱ्या विकारांमध्ये 'अधिमांस' नावाचा एक विकार सांगितला आहे. जबड्याच्या अगदी मागच्या दातापाशी मोठी सूज, फार वेदना, तोंडातून लाळ, आणि कारण कफ. माझ्या पुतणीचे चार दिवस यात जसेच्या तसे आले आहेत. आजचे दंतवैद्य सांगतात ते असे : अर्धवट उगवलेल्या दाढेवर हिरडीचा एक पडदा राहतो, त्याखाली अन्न साचते, तेथे जंतू वाढतात आणि मांस सुजते. सुश्रुताला जंतू ठाऊक नव्हते, पण रोग्याच्या तोंडात तो बोट घालून पाहत होता हे उघड आहे. त्याच अध्यायात 'वर्धन' म्हणून दुसरा एक प्रकार आहे. वाताने एक जादा दात उगवतो, उगवताना तीव्र कळा येतात, आणि उगवून झाला की कळा थांबतात. पुष्कळ अभ्यासकांना यात अक्कलदाढेचे उगवणे दिसते. मलाही तसेच वाटते, कारण येऊन गेल्यावर दुखणे थांबणे ही तिचीच खूण.

उपाय काय सांगितला आहे? अधिमांसात दात काढायला सांगितलेला नाही. वाढलेले मांस छेदावे, वेखंड, सज्जीखार, जवखार इत्यादींचे चूर्ण मधातून लावावे, मध-पिंपळीच्या गुळण्या द्याव्यात, पडवळ, त्रिफळा, कडुनिंबाच्या काढ्याने धुवावे. जादा दात मात्र उपटावा आणि जागा डागावी. म्हणजे काढणे आणि न काढणे हे दोन्ही मार्ग त्याच्यापुढे होते, आणि कोणत्या वेळी कोणता हे तो लक्षणांवरून ठरवीत होता. 'मागचा दात, म्हणून काढ' असे सरसकट म्हणणे त्याच्यापाशी नाही.

याच प्रकरणात आणखी एक वाक्य आहे, आणि आपल्या घराघरांत त्याचे पडसाद अजून ऐकू येतात. वरचा दात हलत असला तरी वैद्याने तो काढू नये. काढल्यास अतिरक्तस्राव होऊन भयंकर रोग होतात, माणूस एका डोळ्याने आंधळा होतो, तोंड वाकडे होते. 'वरची दाढ काढली की नजर जाते' हे आपल्यापैकी कितीजणांनी आजीच्या तोंडून ऐकले आहे? त्या भयाचे मूळ नेमके याच पानात आहे असा पुरावा माझ्यापाशी नाही, पण दोन हजार वर्षे एकच भीती एकाच शब्दांत टिकावी हा योगायोग मानणे मला जड जाते. आज कोणीही डॉक्टर सांगेल की दात काढल्याने दृष्टी जात नाही. तरीही त्या जुन्या वैद्याला हसण्याचे कारण नाही. ज्या काळी रक्त थांबविण्यास डाग आणि काढे यांखेरीज साधन नव्हते, त्या काळी वरच्या जबड्यातून वाहणारे रक्त हे खरोखरच मरण होते. त्याचा निष्कर्ष चुकला असेल. हिशेब चुकला नव्हता.

दहाव्या शतकाच्या अखेरीस स्पेनमध्ये अल् जहरावी या शल्यवैद्याने याच हिशेबाची दुसरी बाजू मांडली. दात काढण्याची घाई करू नका, असे तो बजावतो. वेदना फसविते, रोगी निरोगी दाताकडे बोट दाखवितो, आणि अडाणी न्हावी तोच उपटून मोकळा होतो. अक्कलदाढेची कळ कानात जाते, घशात उतरते, पुढच्या दाढेत उमटते, हे ज्यांनी भोगले आहे त्यांना या इशाऱ्याचे मोल वेगळे सांगायला नको.

तर हजारदोन हजार वर्षे उत्तर होते : शक्य तोवर राखा. कारण काढणे हे ठेवण्यापेक्षा अधिक धोक्याचे होते. हा तोल कधी आणि कसा उलटला?

त्यासाठी आपल्याला याच गावात, खाम नदीच्या अलीकडे यावे लागेल. ही छावणी निजामाच्या हैदराबाद कंटिंजंटची. दाताचा आणि लष्कराचा संबंध म्हटला की लोकांना १८५७ ची काडतुसे आठवतात. दातांनी तोडायची ती काडतुसे. पण जून १८५७ मध्ये इथल्या पहिल्या घोडदळात जो उठाव झाला त्यामागे काडतुसापेक्षा दिल्लीच्या बादशहाविरुद्ध आपल्याला नेणार ही वार्ता मोठी होती. तेव्हा त्या वाटेने मी आपणांस नेत नाही. आमच्या विषयाला उपयोगी अशी गोष्ट घडली ती तीस वर्षांनी, आणि निजामाच्या राजधानीत.

आधी दोन शब्द पार्श्वभूमीचे. भूल ही दंतवैद्यांनी जगाला दिलेली देणगी आहे. ११ डिसेंबर १८४४ रोजी अमेरिकेत होरेस वेल्स या दंतवैद्याने नायट्रस ऑक्साइड वायू हुंगून आपलीच दाढ काढून घेतली. ती अक्कलदाढच होती असे सांगतात. दोन वर्षांनी, १८४६ मध्ये, मॉर्टन या दुसऱ्या दंतवैद्याने ईथरचा प्रयोग केला. १८४७ मध्ये क्लोरोफॉर्म आला. वेदना गेली, पण नवे भय आले. धट्टीकट्टी माणसे क्लोरोफॉर्मखाली अकस्मात मरू लागली, तीही क्षुल्लक कामासाठी. १८४८ च्या आरंभी इंग्लंडात हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी पायाचे नख काढताना गेली. नखासाठी, दातासाठी जीव जावा हे कोणालाच पटेना. हृदय आधी थांबते की श्वास, यावर वाद माजला.

हैदराबादचे रेसिडेन्सी सर्जन एडवर्ड लॉरी हे क्लोरोफॉर्मचे कट्टे पुरस्कर्ते. त्यांच्या आग्रहावरून निजाम मीर महबूब अली खान यांच्या खर्चाने १८८८ मध्ये हैदराबाद क्लोरोफॉर्म कमिशन बसले. त्याच्या निष्कर्षावर लंडनच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्राने विश्वास ठेवला नाही, तेव्हा निजामाने एक हजार पौंड देऊन त्याच पत्राचा प्रतिनिधी बोलाविला आणि १८८९ मध्ये दुसरे कमिशन बसविले. लॉडर ब्रंटन लंडनहून आले. शेकडो कुत्र्यांवर प्रयोग झाले. निर्णय तोच आला : श्वास सांभाळा, नाडीची चिंता नको. या शाळेत लॉरींच्या हाताखाली रूपाबाई फर्दुनजी शिकल्या. स्त्री भूलतज्ज्ञांत त्यांचे नाव अगदी पहिल्यांत घेतले जाते. कमिशनचा निर्णय पुरता टिकला नाही. १९११ मध्ये गुडमन लेव्ही यांनी दाखवून दिले की अपुऱ्या क्लोरोफॉर्मखाली हृदय आधीही कोसळू शकते. तरी आपल्या दख्खनी राज्यात, आपल्या पैशाने, 'लहान शस्त्रक्रियेसाठी किती मोठा धोका पत्करावा' हा प्रश्न प्रयोगाने सोडविण्याचा यत्न झाला, याची आठवण आपण ठेवीत नाही, याचे मला वाईट वाटते.

दाढेपुरता प्रश्न सुटला तो मात्र दुसऱ्या बाजूने. १८८४ मध्ये कोकेनने जागा बधिर करता येते हे कळले आणि त्याच सुमारास हॉल्स्टेड यांनी खालच्या जबड्याची शीर सुईने बधिर करून दाखविली. १९०५ पासून नोव्होकेन वापरात आले. रोगी जागा राहून दाढ निघू लागली. १८९५ मध्ये क्ष-किरण सापडले आणि पुढच्याच वर्षाच्या आरंभी ऑटो वाल्कहोफ यांनी स्वतःच्या दातांचे चित्र काढले. पंचवीस मिनिटे ते निश्चल पडून राहिले होते. हाडात दडलेली दाढ प्रथमच दिसली. १९२६ मध्ये जॉर्ज विंटर यांनी केवळ खालच्या अडकलेल्या अक्कलदाढेवर जाडजूड ग्रंथ लिहिला आणि तिच्या ठेवणीची वर्गवारी लावली : उभी, पुढे कललेली, मागे कललेली, आडवी. पुढे पेनिसिलिन आले. अक्कलदाढेचा पू जिभेखाली आणि गळ्यात उतरला की श्वास कोंडून माणूस दगावत असे. १८३६ मध्ये लुडविग या जर्मन वैद्याने वर्णिलेला हा विकार पेनिसिलिनपूर्वी निम्म्याहून अधिक रोग्यांचा प्राण घेई. तो धाक पुष्कळ ओसरला.

तोल उलटला तो असा. काढणे स्वस्त आणि सुरक्षित झाले, आणि दडलेली दाढ दिसू लागल्यामुळे ठेवणे भीतिदायक वाटू लागले. त्यात दातांच्या मुळाशी लपलेले विष साऱ्या शरीराला बाधते हा सिद्धान्त विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत फोफावला. अमेरिकेत हेन्री कॉटन नावाच्या वेड्यांच्या इस्पितळाच्या प्रमुखाने वेड बरे करण्यासाठी रोग्यांचे दात उपटले! इतक्या टोकाला सगळे गेले नाहीत, पण 'संशय आला की काढा' ही वृत्ती मुरली.

आणि लष्कराने तिला शिस्त दिली. १८९९ ते १९०२ च्या बोअर युद्धात हजारो ब्रिटिश सैनिक दातांमुळे निकामी झाले. त्या धड्यातून पुढे लष्करी दंतवैद्यक उभे राहिले. हिंदुस्थानी सैन्यासाठी तसे स्वतंत्र दल १९४१ मध्ये निघाले. लष्कराचा हिशेब सरळ आहे. बर्फातल्या चौकीवर किंवा पाणबुडीत दाढ सुजली तर तेथे दंतवैद्य नाही. माणूस परत आणायचा तर मोहीम अडते. म्हणून निघण्यापूर्वीच काढा. हा हिशेब त्या ठिकाणी बिनतोड आहे. घोटाळा झाला तो हा की, छावणीचा हिशेब पेठेत आला. ज्याच्या घरापासून दवाखाना दहा मिनिटांवर आहे त्याच्याही चारही दाढा, न दुखणाऱ्या, न सुजलेल्या, विशीत काढल्या जाऊ लागल्या.

विचार पालटला तो बराच उशिरा. १९७९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने तज्ज्ञांची परिषद भरविली. रोग झालेली दाढ काढावी यावर एकमत झाले. रोग नसलेलीवर झाले नाही. २००० च्या मार्चमध्ये ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने स्पष्टच सांगितले की निरोगी अडकलेली दाढ केवळ खबरदारी म्हणून काढणे बंद करावे. भरून न येणारी कीड, गळू, हाडाचा दाह, गाठ, शेजारच्या दाताची झीज ही काढण्याची कारणे. हिरडीची सूज एकदाच आली आणि साधी असली तर थांबावे. फार तीव्र असली किंवा पुन्हा आली तर काढावी. २००७ मध्ये जे फ्रीडमन यांनी अंदाज मांडला की अमेरिकेत दरवर्षी सुमारे पन्नास लाख माणसांच्या एक कोटी अक्कलदाढा निघतात आणि त्यांवर तीन अब्ज डॉलरहून अधिक खर्च होतो, त्यातला मोठा भाग अनावश्यक. जीभ किंवा खालचा ओठ कायमचा बधिर होणारी माणसे बहुतेक अभ्यासांत शंभरात एकाहून कमी; पण कोटीचा आकडा समोर ठेवला की हे 'कमी' फार वाटू लागते.

येथे थांबलो असतो तर गोष्ट सोपी झाली असती. पण ब्रिटनमध्ये पुढे काय झाले? राखलेल्या दाढांपैकी पुढे कललेल्या काही दाढांनी शेजारच्या दाढेच्या पाठीत अन्न साठविले, तेथे कीड लागली, आणि दोन दाढा गमावण्याची पाळी आली. काढून घेणाऱ्यांचे सरासरी वय पंचविशीच्या आसपास होते ते तिशीपलीकडे गेले. वय वाढले की हाड कठीण होते, मुळे पुरी बनून शिरेजवळ जातात, जखम भरायला वेळ लागतो. राखणे फुकट नसते हे तेव्हा कळले. न दुखणाऱ्या दाढेबाबत कोणत्याही बाजूने ठाम सांगण्याइतका पुरावा नाही, असेच कॉक्रेन संस्थेच्या परीक्षणांनी पुनःपुन्हा म्हटले आहे. ताजे परीक्षण २०२० चे.

दाढ अडकते तरी का? डार्विनने १८७१ मध्ये मऊ, शिजविलेल्या अन्नाने जबडा आखूड होतो, असा तर्क दिला. आपल्या नेवासे आणि इनामगाव येथील ताम्रपाषाणयुगीन सांगाड्यांचे दात संशोधकांनी बारकाईने पाहिले आहेत; दगडी पाट्यावर दळलेले, कचकच राहिलेले धान्य खाणाऱ्या त्या माणसांचे दात झिजत. आज जगात सुमारे चोवीस टक्के माणसांची निदान एक अक्कलदाढ अडकलेली असते, असे २०१६ च्या एका एकत्रित अभ्यासाने म्हटले. ज्वारीची कडक भाकरी खाणाऱ्या मराठवाड्यात हे प्रमाण कमी असावे अशी माझी एक लाडकी समजूत होती. दंतवैद्य मित्राने ती हसून सोडून द्यायला सांगितली, कारण जबडा बालपणीच घडतो आणि आजची बालपणे बिस्किटांवर जातात.

मराठवाड्याच्या हिशेबात आणखी एक बाब आहे, आणि ती पुस्तकांत सहसा नसते. तंबाखू-सुपारीने गालांची कातडी आतून ताठरते आणि तोंड दोन बोटेही उघडत नाही. महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आली २०१२ मध्ये; टपऱ्यांवर काय मिळते ते आपण जाणता. अशा तोंडात मागच्या दाढेपर्यंत हत्यार पोचवणे हेच मोठे संकट. आणि गालात, हिरडीत न भरणारा व्रण असला, तोंड उघडणे हळूहळू कमी होत चालले असले, तर ते अक्कलदाढेचे दुखणे म्हणून अंगावर काढू नये; आधी तपासून घ्यावे.

इलाजाची सोय आपल्याकडे उशिरा आली. शहरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ चे, दंत महाविद्यालय १९८२ चे. त्याआधीच्या पिढ्यांनी लवंगेचे तेल, बाजारातला दात काढणारा आणि नशीब यांवर भागविले. तेव्हा 'राखा' हा सल्ला शहाणपणाचा नव्हता, नाइलाजाचा होता.

पुतणीला मी हे सगळे सांगितले. ती म्हणाली, "म्हणजे माझे काय?" मी तिला एकच विचारले : भामरागडातून दंतवैद्य किती दूर? पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की पूल पाण्याखाली जातो आणि तालुका तुटतो, हे तिलाच माझ्यापेक्षा अधिक ठाऊक होते. क्ष-किरण चित्रात खालची डावी दाढ पुढे कललेली, शेजारणीला टेकलेली. सूज एकदाच आली, पण तोंड मिटण्याइतकी आली. वय तेवीस. उजवीकडची खालची सरळ उगवलेली, घासता येते अशी. तिचा हिशेब पेठेचा नव्हता, छावणीचा होता. तिने डावी काढून घेतली. पाऊण तास लागला, टाके पडले, तीन दिवस गाल सुजला, ओठ संध्याकाळपर्यंत बधिर होता आणि मग जागा झाला. उजवी राहिली.

वरच्या दोन्हींचा प्रश्न निघाला तेव्हा वहिनींनी ठाम नकार दिला. डोळ्यांचे काम करणाऱ्या पोरीची नजर त्यांना धोक्यात घालायची नव्हती. डॉक्टरांनीही वरच्यांना हात लावायचे कारण नाही म्हणून सांगितले. डावीकडची, खाली आधार नसल्याने, खाली उतरू लागते का, ते मात्र वर्षातून एकदा दाखवून जा म्हणाले. दिवाळीच्या रजेत ती यायची आहे.